नाकारलेली मोहोर : कॅलिफोर्नियाचे सोने, १८५३चा हुकूम आणि गलाईची मूस

१/
आमच्या घरी एक जुनी वही आहे. खानापूर तालुक्यातील असंख्य कुटुंबांप्रमाणे माझे आजोबाही गलाईच्या व्यवसायासाठी गाव सोडून दक्षिणेकडे गेले होते. त्या वहीत एक नोंद आहे : ‘सिंह व ताड, जुनी मोहोर, नग १, वजन १ तोळा. गाळली.’ पुढे काही नाही. आजच्या धाग्यात या एका ओळीचा इतिहास पाहू. त्यात कॅलिफोर्निया आहे, ऑस्ट्रेलिया आहे, कलकत्ता आहे, आणि सातारा-सांगलीही आहे.

२/
प्रथम नाणे ओळखू. एका बाजूस सिंह आणि त्यामागे ताडाचे झाड, वजन बरोबर एक तोळा. हे वर्णन ईस्ट इंडिया कंपनीच्या सुवर्णमोहोरेचे आहे. १८३५च्या मोहोरेवर दुसऱ्या बाजूस राजा चौथा विल्यम दिसतो, तर १८४१च्या मोहोरेवर तरुण राणी व्हिक्टोरिया. सिंहाच्या बाजूला इंग्रजीत ‘एक मोहोर’ आणि फारसीत ‘एक अशरफी’ असे लिहिलेले असते.

३/
वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध सोने, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. हे १०.६९ लक्षात ठेवा. धाग्याच्या शेवटाकडे ते पुन्हा लागणार आहे. आज ही नाणी दुर्मिळ आहेत आणि संग्राहकांच्या जगात त्यांना मोठा मान आहे. मग एकेकाळी सरकारी टांकसाळीतून निघालेले हे नाणे इतके विरळ का झाले?

४/
त्यासाठी १८३५कडे जावे लागेल. त्यापूर्वी आपल्या मुलखात नाण्यांची जत्राच होती. अंकुशी, चांदवडी असे नाना रुपये, दक्षिणेकडून आलेले होन, व्हेनिसच्या पुतळ्या. प्रत्येक नाण्याचा कस वेगळा, भाव वेगळा. सराफ नाणे पारखत असे आणि प्रत्येक अदलाबदलीत बट्टा कापून घेत असे. कचेरीत हेच काम पोतदार करी. सांगली-सातारा भागातील पोतदार हे आडनाव त्याच हुद्द्याची आठवण आहे.

५/
१८३५च्या १७व्या कायद्याने कंपनीने आपल्या सर्व मुलखासाठी एकच चांदीचा रुपया ठरवला. त्याचेही वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळाच. मोहोर पाडण्याची तरतूद त्याच कायद्यात होती. पण सोन्याचे कोणतेही नाणे यापुढे कायदेशीर चलन राहणार नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे मोहोर सरकारी होती, तरी ती स्वीकारण्याची सक्ती कुणावरच नव्हती.

६/
अशा नाण्याला लोक विचारणार कसे? म्हणून जानेवारी १८४१मध्ये सरकारने जाहीरनामा काढला : सरकारी खजिन्यांनी मोहोर १५ रुपयांच्या दराने स्वीकारावी. मोहोर आणि रुपया यांचे वजनही सारखे आणि शुद्धतेचे प्रमाणही सारखे. त्यामुळे या हुकुमाचा अर्थ सरळ होता : एक तोळा सोने म्हणजे पंधरा तोळे चांदी. हे प्रमाण सरकारने कागदावर पक्के बांधून टाकले.

७/
बाजार मात्र कागदाने बांधला जात नाही. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात १२ जानेवारी १८४८ रोजी सूत्रे घेतो. त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, २४ जानेवारीला, कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे जॉन सटरच्या लाकूड गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल नावाच्या सुताराला सोन्याचे कण सापडतात. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध येईल, असे तेव्हा कुणाला वाटले असेल?

८/
१८४९मध्ये कॅलिफोर्नियाकडे माणसांचा लोंढा निघाला. तेथून परतलेल्या एडवर्ड हारग्रेव्हजने फेब्रुवारी १८५१मध्ये ऑस्ट्रेलियातील बॅथर्स्टजवळ सोने दाखवून दिले. त्याच वर्षी व्हिक्टोरिया प्रांतात बॅलरॅटच्या खाणी सुरू झाल्या. शेतमजुरांनी शेते सोडली, खलाशांनी बंदरात जहाजे सोडली. काही वर्षांत जगाच्या सुवर्णसाठ्यात एवढी भर पडली की तोवरचे सारे हिशेब चुकू लागले.

९/
ऑस्ट्रेलियात सोने उदंड झाले, पण नाणी नव्हती. ॲडलेडच्या वसाहतीत १८५२मध्ये घाईने एक सोन्याचे नाणे पाडण्यात आले. ते ‘ॲडलेड पौंड’ म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची संख्या पंचवीस हजारांच्याही आत होती. नाण्यातील सोन्याची किंमत नाण्यावरील आकड्यापेक्षा जास्त निघाल्याने बहुतेक नाणी वितळली गेली. जगातील सर्वांत दुर्मिळ सुवर्णनाण्यांत आज त्याची गणना होते. ‘किंमत जास्त, म्हणून नाणे वितळले’ हा धागा पकडून ठेवा.

१०/
युरोपात धास्ती पसरली. सोन्याचा पूर आला म्हणजे सोने स्वस्त होणार. मग सोन्यात देणी फेडून घेणाऱ्याचे काय? हॉलंडने १८५०मध्ये सोन्याची नाणी चलनातून काढली आणि चांदीचा आश्रय घेतला. पुढे मिशेल शेव्हालिए या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाने सोन्याच्या संभाव्य घसरणीवर पुस्तक लिहिले, त्याचे इंग्रजी भाषांतर रिचर्ड कॉब्डेनने केले. हा त्या काळचा ज्वलंत प्रश्न होता.

११/
आता कंपनी सरकारची अडचण पाहू. उदाहरणादाखल समजा, बाजारात मोहोरेला पावणेपंधरा रुपये मिळतात आणि खजिन्यात पंधरा. शहाणा सराफ काय करील? बाजारातून मोहोरा गोळा करील, खजिन्यात भरील आणि चांदीचे रुपये वाचवील. खजिन्यात सोने साचत जाणार, चांदी आटत जाणार. पण शिपायाचा पगार आणि कर्जाचे व्याज चांदीतच द्यायचे. ते सोने कुणाच्या गळ्यात मारायचे? कायद्याने ते घेण्यास कुणीच बांधील नव्हते.

१२/
२२ डिसेंबर १८५२ रोजी डलहौसीच्या सरकारने हुकूम काढला : १ जानेवारी १८५३पासून कोणत्याही सरकारी खजिन्यात सोन्याचे नाणे स्वीकारले जाणार नाही. लोकांना अवघे दहा दिवस मिळाले. कारणही सरकारने दडवले नाही : ऑस्ट्रेलियातील नव्या खाणींमुळे चांदीच्या तुलनेत सोन्याची किंमत उतरली होती. बॅलरॅटच्या चिखलात उपसलेल्या सोन्याने हिंदुस्थानातील मोहोर अशी बाद केली.

१३/
हा हुकूम आला तेव्हा साताऱ्याची स्थिती काय होती? छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले होते. १८४७मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी वारले. त्यांचे दत्तकविधान डलहौसीने नाकारले आणि सातारचे राज्य खालसा केले. या धोरणाचा पहिला मोठा बळी सातारा ठरला.

१४/
दक्षिणेस सांगलीत पटवर्धनांचे संस्थान टिकून होते. चिंतामणराव आप्पासाहेब १८५१मध्ये निवर्तले आणि गादीवर धुंडिराजराव तात्यासाहेब आले. म्हणजे एकाच कृष्णाकाठी दोन राजवटी होत्या : वरच्या अंगाला कंपनीचा जिल्हा, खालच्या अंगाला संस्थान. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. खानापूर, वाळवा हे तालुके दीर्घकाळ सातारा जिल्ह्यातच होते. १९४९मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याचे नाव सांगली पडले.

१५/
आता कल्पना करा की जानेवारी १८५३मध्ये एखादा पाटील किंवा वाणी घरातली मोहोर घेऊन साताऱ्याच्या कचेरीत सारा भरायला गेला. डिसेंबरात जी १५ रुपयांची होती, तिला आता पोतदार हातही लावणार नाही. मग वाट एकच, सराफकट्टा. तेथे ती नाणे म्हणून घेतली जाणार नाही. धातू म्हणून कसोटीवर घासली जाईल, वजन होईल, बट्टा लागेल आणि येईल तो भाव हाती पडेल.

१६/
मोहोर दुर्मिळ होण्याचे कारण येथे सापडते. जे नाणे खजिना घेत नाही आणि व्यवहारात कुणी घेण्यास बांधील नाही, ते नाणे राहण्याचे कारण उरत नाही. त्याचा दागिना होतो किंवा लगड होते. जी थोडी नाणी उरली, ती कुणाच्या देवघरात, कुणाच्या गळ्यातील माळेत, कुणाच्या पुरलेल्या हंड्यात. चलन असलेले नाणे हातोहात फिरून झिजते. चलनातून गेलेले सोन्याचे नाणे मात्र बहुधा मुशीतच संपते.

१७/
इतिहासाची गंमत पुढेच आहे. ज्या ऑस्ट्रेलियाच्या भीतीने मोहोर नाकारली, त्याच ऑस्ट्रेलियाचे नाणे अकरा वर्षांत हिंदुस्थानच्या खजिन्यात शिरले. सिडनीची टांकसाळ मे १८५५मध्ये सुरू झाली होती. नोव्हेंबर १८६४मध्ये सरकारने जाहीर केले : इंग्लंड वा ऑस्ट्रेलियातील अधिकृत टांकसाळीचे सॉव्हरिन खजिन्यांनी १० रुपयांना घ्यावे. १८६८मध्ये तो दर १० रुपये ४ आणे झाला.

१८/
हेच सॉव्हरिन आपल्याकडे ‘गिनी’ म्हणून रुळले. सिडनीच्या सुरुवातीच्या नाण्यांवर मुकुट आणि पानांच्या वेढ्यात ‘ऑस्ट्रेलिया’ असे स्पष्ट लिहिलेले असते. १८५७पासून त्यांवरील राणीच्या केसांत बँक्सिया या ऑस्ट्रेलियन रानफुलाची माळ आहे. ती छबी लिओनार्ड वायनची. आपल्या १८४१च्या मोहोरेवरील राणी त्याच्या वडिलांनी, विल्यम वायन यांनी कोरली होती. बापाचे नाणे हिंदुस्थानात बाद झाले, ते ज्या सोन्यामुळे, त्याच सोन्यावर मुलाने छबी कोरली.

१९/
मग डलहौसीचा अंदाज खरा ठरला का? काही वर्षे, होय. नंतर वारे पार उलटे फिरले. १८७०च्या दशकात जर्मनीसह एकेक देश सोन्याच्या चलनाकडे वळला, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी निघाल्या आणि चांदीचाच भाव कोसळला. चांदीच्या रुपयाला बांधलेला हिंदुस्थान त्याबरोबर खाली गेला. अखेर १८९३मध्ये सरकारने टांकसाळीत लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे बंद केले आणि १८९९मध्ये १५ रुपयांना एक सॉव्हरिन हा दर कायद्याने ठरवला.

२०/
आता ते १०.६९ आठवा. १८४१मध्ये १५ रुपयांच्या मोहोरेत १०.६९ ग्रॅम शुद्ध सोने होते. १८९९मध्ये १५ रुपयांच्या सॉव्हरिनमध्ये फक्त ७.३२ ग्रॅम. म्हणजे १५ रुपयांमागचे सोने सुमारे एकतृतीयांशाने घटले. नव्या दराने त्या जुन्या मोहोरेतील सोन्याची किंमत जवळपास २२ रुपये झाली. कचेरीने नाकारलेली मोहोर ज्याने घरात जपली, तो हुशार ठरला. ज्याने ती मोडून रुपये साठवले, त्याचे नुकसान झाले.

२१/
आपल्या आजी-पणजी ‘रुपया येतो-जातो, सोनं राहतं’ असे का मानत, याचे एक उत्तर या आकड्यांत आहे. त्यांना अडाणी म्हणणारे अनेक साहेब होते. हिंदुस्थानी लोक सोने पुरून ठेवतात, अशी तक्रार इंग्रज अधिकारी सतत करीत. पण एका पिढीच्या डोळ्यांदेखत सरकारने सोने नाकारले, परत स्वीकारले, रुपयाची किंमत घसरू दिली. सरकारी शब्दापेक्षा धातूवर विश्वास ठेवणे यात अडाणीपणा कसला?

२२/
पहिल्या महायुद्धात तर सोन्याची मोहोर परत आली! खासगी आयातीचे सोने सरकारने ताब्यात घेतले आणि १९१८मध्ये मुंबईत १५ रुपयांची मोहोर पाडली गेली. त्याच वर्षी रॉयल मिंटच्या मुंबई शाखेत सॉव्हरिनही पाडले गेले, सुमारे १२ लाख ९५ हजार. त्यांवर हिंदुस्थानची खूण म्हणून इंग्रजी ‘आय’ हे बारीक अक्षर आहे. घरात पंचम जॉर्जची १९१८ची गिनी असेल तर घोड्याच्या पायाखालची जमीन भिंगाने नीट पाहा.

२३/
मग आले १९३१. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव पडले होते, सारा आणि सावकाराचे व्याज मात्र तेवढेच. सप्टेंबरमध्ये इंग्लंडने सुवर्णचलन सोडले आणि रुपया पौंडालाच बांधलेला राहिला. १९२७च्या कायद्यात शुद्ध सोन्याचा दर तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै असा होता. बाजारभाव आता त्याच्या कितीतरी वर गेला. गावोगावचे सोने मोडीत निघाले आणि मुंबई बंदरातून बाहेर गेले. त्या दशकात तीनशे कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने देशाबाहेर गेल्याचे अंदाज आहेत.

२४/
ही उलटी सुवर्णलाट होती. १८४९ला माणसे सोन्याकडे धावली, १९३१नंतर सोनेच माणसांच्या घरांतून धावत सुटले. इतिहासकार त्याला ‘विपन्नावस्थेतील सोने’ म्हणतात. त्या सोन्यात पाटल्या-बांगड्या होत्या, तशा पुतळ्या, गिन्या आणि मोहोराही होत्या. बंदरावर जाणाऱ्या लगडीत कुणाची मोहोर आणि कुणाची नथ, हे कोण सांगणार?

२५/
आता गलाईकडे. विटा-खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, तसेच साताऱ्याचे खटाव-माण, हा सारा पर्जन्यछायेचा पट्टा. शेतीवर भागत नाही म्हणून येथील माणसे सोने-चांदी गाळण्याचे कसब घेऊन देशभर पसरली. केरळ, तमिळनाडूपासून पंजाब, बंगालपर्यंत सराफ बाजाराच्या एखाद्या बोळात भट्टीपुढे बसलेला माणूस तुमच्याशी माणदेशी मराठीत बोलू लागला, तर नवल वाटू देऊ नका.

२६/
काम असे चालते. जुने सोने मुशीत घालून भट्टीत वितळवायचे. त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळायची आणि त्या मिश्रणाचे बारीक कण करून तेजाबात उकळायचे. तेजाबात चांदी आणि तांबे विरघळते, सोने विरघळत नाही. तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती धुऊन, टाकणखार घालून पुन्हा वितळवली की पिवळीधमक लगड तयार. तेजाबात उतरलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवायची. मग टंच काढायचा. एका गुंजेचाही हिशेब चुकत नाही.

२७/
या कसबात प्रामाणिकपणा आहे, अतोनात कष्ट आहेत, तेजाबाच्या धुराने पोखरलेली छाती आहे. हजारो घरे त्यावर उभी राहिली. माझे शिक्षणही त्यावरच झाले. म्हणून आजोबांनी मोहोर गाळली याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार मला वाटत नाही. गिऱ्हाईक सोने घेऊन येई, नाणे नव्हे. भाव सोन्याचा मिळे, सिंहाचा नाही. वास्तविक १८५३मध्ये सरकारनेच त्या मोहोरेला ‘तू आता नुसता धातू आहेस’ असे सांगितले होते. भट्टीने फक्त तो निकाल अमलात आणला.

२८/
पण काय गेले, तेही मोकळेपणाने सांगायला हवे. १०.६९ ग्रॅम सोने गेले नाही. ते कुठल्या तरी मंगळसूत्रात आजही असेल. गेली ती माहिती. ती मोहोर १८३५ची होती की १८४१ची? गिऱ्हाईक कोणत्या गावचे होते? ती एकटीच सापडली की हंड्यात आणखी नाणी होती? शिवरायांचा ‘श्री राजा शिव – छत्रपति’ असा लेख असलेला होन आज मोजकाच उरला आहे, त्यामागेही मुशींचा मोठा वाटा असणार. नाणे वितळले की त्याच्याबरोबर एक दस्तऐवज वितळतो, आणि त्याची नक्कल कुठेच नसते.

२९/
म्हणून तरुण मित्रांना काही विनंत्या. घरात जुने नाणे असेल तर ते चिंच-लिंबाने किंवा पावडरने घासू नका. त्याने मूळ पृष्ठभाग जातो. वजन करा, दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे काढा, ते घरात कुणाकडून आले हे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. पुतळ्यांच्या माळेतील सगळ्या पुतळ्या व्हेनिसच्या नसतात. सोनारांनी केलेल्या नकलाही असतात. मोहोरेच्याही नंतर पाडलेल्या प्रती आहेत. तरीही नोंद करा, नक्कलही इतिहासच सांगते.

३०/
जमिनीत नाणी सापडली तर लपवू नका. १८७८चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पुष्कळांना ठाऊक नसते की सरकारने असा ठेवा घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात. ती परदेशी नेता येत नाहीत.

३१/
आणि गलाईच्या घरांतील माझ्या सोबत्यांना वेगळी विनंती. मूस थांबवा, असे मी म्हणत नाही. गाळण्यापूर्वी फक्त दोन मिनिटे द्या. मोबाईलमध्ये दोन छायाचित्रे, वजन, टंच, आणि गिऱ्हाईक सांगेल तर गावाचे नाव. देशभरातील मराठी गलाई दुकानांतून एवढी नोंद होऊ लागली, तर नाणेशास्त्राला कुठल्याही संग्रहालयाने न दिलेले साधन मिळेल.

३२/३२
आजोबांनी तरी काय केले? नियमाप्रमाणे त्यांनी फक्त वजन आणि टंच लिहायला हवा होता. ‘सिंह व ताड’ हे तीन शब्द हिशेबाला लागत नव्हते. तरीही त्यांनी ते लिहिले. त्या तीन शब्दांवरून मला नाणे ओळखता आले, हुकूम शोधता आला, हा धागा लिहिता आला. आपल्या घरच्या जुन्या वह्या रद्दीत देण्यापूर्वी एकदा उघडून पाहा. काही सापडले तर खाली अवश्य कळवा.